एंटरप्राइझ डेटाबेसचा परवाना: दरपत्रके ताडून पाहण्याआधी काय मोजावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या ऑर्डर-व्यवस्थापन प्रणालीसाठी ओरॅकल डेटाबेसची एंटरप्राइझ एडिशन घ्यायची असून पुरवठादाराने दोन दरपत्रके दिली आहेत: एकात वापरकर्त्यांच्या संख्येवर आधारलेले १२० परवाने आहेत, दुसऱ्यात प्रोसेसरवर आधारलेले ४. डेटाबेस आठ कोअर (प्रोसेसरमधली गणन-एकके) दिलेल्या एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकावर, चालेल. ते मशीन व्हीएमवेअर या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरने एकत्र जोडलेल्या दोन सर्व्हरच्या क्लस्टरवर असेल आणि प्रत्येक सर्व्हरमध्ये सोळा कोअरचे दोन इंटेल प्रोसेसर आहेत. दुसऱ्या ठिकाणी तसाच एक सर्व्हर राखीव ठेवून त्यावर डेटाची प्रत सतत अद्ययावत ठेवण्याचा विचार आहे. कर्मचारी १२० आहेत आणि ग्राहकांना आपल्या ऑर्डरची स्थिती वेब पोर्टलवर पाहता येणार आहे. हीच प्रणाली मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवरही चालते. तर कोणते दरपत्रक स्वीकारावे?

माझे मत असे की दोन्ही दरपत्रके तूर्त बाजूला ठेवावीत, कारण दोन्ही एकाच गृहीतकावर उभी आहेत आणि ते गृहीतक करारात बसत नाही. वापरकर्त्यांवर घ्यावे की प्रोसेसरवर, हा प्रश्न सर्वांत शेवटी सुटतो. त्याआधी करार नेमके काय मोजतो आणि तुमच्या रचनेत ते कुठवर पसरले आहे, हे कागदावर मांडावे लागते.

पुरवठादाराने हिशेब कसा केला असेल, ते पाहू. ओरॅकलच्या प्रोसेसर परवान्यात कोअरची संख्या एका ठरलेल्या गुणकाने गुणतात. इंटेलच्या प्रचलित प्रोसेसरसाठी हा गुणक ०.५ आहे, आयबीएमच्या पॉवर मालिकेतील आधुनिक प्रोसेसरसाठी १.०. आठ कोअर गुणिले ०.५ म्हणजे ४ परवाने. दुसरे दरपत्रक इथून आले. पहिल्याचे गणित असे, की एंटरप्राइझ एडिशनमध्ये प्रत्येक प्रोसेसर परवान्यामागे किमान २५ नेम्ड युजर प्लस, म्हणजे वापरकर्त्यांच्या संख्येवर आधारलेले, परवाने घ्यावेच लागतात. चार प्रोसेसरमागे ही किमान संख्या १०० होते, तुमचे लोक १२०, म्हणून १२० परवाने. ओरॅकलच्या जाहीर दरांत एका प्रोसेसर परवान्याची किंमत ५० नेम्ड युजर प्लस परवान्यांइतकी असते, त्यामुळे १२० परवाने जेमतेम अडीच प्रोसेसरच्या किमतीत बसतात आणि पहिले दरपत्रक आकर्षक दिसते. गणितात चूक कुठेच नाही. फक्त ‘आठ कोअर’ हा पहिलाच आकडा चुकीच्या ठिकाणाहून उचललेला आहे.

ओरॅकलच्या करारातील प्रोसेसरच्या व्याख्येनुसार, ज्या ज्या प्रोसेसरवर सॉफ्टवेअर ‘स्थापित केलेले आणि/किंवा चालू’ असेल ते सर्व प्रोसेसर मोजले जातात. व्हर्च्युअल मशीनला किती कोअर दिले, हा ओरॅकलच्या दृष्टीने सॉफ्टवेअरने घातलेला विभाग झाला आणि कंपनीचे विभाजनविषयक धोरण अशा विभागाला परवाने कमी करण्याचे साधन मानत नाही. व्हीएमवेअर याच गटात येते. मशीन आज पहिल्या सर्व्हरवर असले, तरी ते कोणत्याही क्षणी दुसऱ्यावर हलवता येते, तेव्हा दोन्ही सर्व्हरचे सर्व भौतिक कोअर मोजा, अशी कंपनीची भूमिका असते. तुमच्या क्लस्टरमध्ये ते ६४ आहेत, म्हणजे ३२ प्रोसेसर परवाने. वापरकर्त्यांच्या मार्गाने गेलात, तर किमान संख्या ३२ गुणिले २५, म्हणजे ८०० होते, मग तुमच्याकडे माणसे १२० असोत की १२. या ८०० परवान्यांची किंमत १६ प्रोसेसरइतकी होते. दरपत्रकातील १२० आणि ओरॅकलच्या ऑडिटमध्ये (परवाना-तपासणीत) निघू शकणारे ८०० यांतील तफावत पुढे तुमच्याच माथी येते, कारण करारावर सही तुमची असते आणि पुरवठादाराच्या गणिताची जबाबदारी तो करार घेत नाही.

या भूमिकेला दुसरी बाजू आहे, तीही सांगायला हवी. विभाजनविषयक धोरणाच्या कागदावरच तो केवळ माहितीसाठी असून कराराचा भाग नाही, असे छापलेले असते. त्यामुळे ‘जिथे चालू शकेल’ ते सर्व मोजणे हे ‘जिथे चालू आहे’ या शब्दांत बसते का, यावर अनेक ग्राहकांनी वाद घातला आहे. २०१५ मध्ये मार्स कंपनी या वादातून ओरॅकलविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात गेली होती, पण प्रकरण निकालापर्यंत न जाता मिटले आणि या मुद्द्यावर दाखला म्हणून वापरता येईल असे काही हाती लागले नाही. व्हीस्फिअर या व्हीएमवेअरच्या उत्पादनाच्या ६.० आवृत्तीपासून चालू मशीन एका व्हीसेंटरमधून (सर्व्हरच्या समूहांचे नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) दुसऱ्यात हलवता येऊ लागले, तेव्हा मोजणीची हद्द क्लस्टरच्याही पलीकडे नेण्याचा आग्रह सुरू झाला. मोठ्या संस्था कायदेशीर सल्लागार सोबत घेऊन ही लढाई लढतात. १२० माणसांच्या संस्थेने ती अंगावर घेऊ नये, वादाला जागाच उरणार नाही अशी रचना करावी, असे मी सांगेन. त्यासाठी डेटाबेसचे सर्व्हर वेगळे काढून त्यांवर दुसरे काही चालवू नये, किंवा ज्या विभाजनाला ओरॅकल स्वतः मान्यता देते ते वापरावे. आयबीएमचे मर्यादा घातलेले एलपार (सर्व्हरचे विभाग), सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमचे मर्यादित झोन आणि कोअर बांधून दिलेले ओरॅकल लिनक्स केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) ही त्यांतली परिचित नावे.

आता पोर्टलकडे वळू. नेम्ड युजर प्लस परवाना मोजतो ती साखळीच्या टोकाला असलेली माणसे, आणि माणसाशिवाय चालणारी उपकरणेसुद्धा. मधला वेब सर्व्हर डेटाबेसशी एकाच खात्याने जोडलेला असला, तरी त्या खात्यामागे असलेले सर्व ग्राहक मोजणीत येतात. मायक्रोसॉफ्टच्या क्लायंट अॅक्सेस लायसन्सलाही, म्हणजे कॅलला, हाच नियम लागू आहे. मध्ये अनेकांच्या मागण्या मोजक्या जोडण्यांतून नेणारा कनेक्शन पूल किंवा दुसरे सॉफ्टवेअर ठेवल्याने लागणाऱ्या परवान्यांची संख्या कमी होत नाही. त्यामुळे ज्या क्षणी तुम्ही पोर्टल ग्राहकांना खुले करण्याचे ठरवले, त्या क्षणी वापरकर्त्यांवर आधारलेला परवाना तुमच्यापुरता निकालात निघाला. न मोजता येणाऱ्या जनसमूहासाठी प्रोसेसर किंवा कोअर हेच माप योग्य ठरते. पोर्टलला थेट डेटाबेस न दाखवता रोज रात्री निवडक माहिती वेगळ्या, मुक्त डेटाबेसमध्ये उतरवून ती दाखवावी, असा उपाय काही जण सुचवतात. स्वयंचलित प्रवाहाने केलेल्या अशा उताऱ्याकडे परीक्षक कोणत्या नजरेने पाहतील हे करारातील शब्दांवर अवलंबून राहते, म्हणून लेखी खुलाशाशिवाय त्यावर विसंबू नये.

राखीव सर्व्हरबाबत ओरॅकलचे तीन वेगळे नियम आहेत आणि त्यांची सरमिसळ सर्रास होते. पहिला नियम एकच सामाईक स्टोरेज वापरणाऱ्या फेलओव्हर क्लस्टरचा, म्हणजे एक सर्व्हर बंद पडल्यास काम दुसऱ्याकडे जाणाऱ्या रचनेचा, आहे: मुख्य सर्व्हर बंद पडला, तर एका राखीव नोडवर (सर्व्हरवर) वर्षातून जास्तीत जास्त दहा वेगवेगळ्या दिवशी परवान्याविना डेटाबेस चालवता येतो. दुपारी दोन तासांसाठी चालवला, तरी तो एक दिवस धरला जातो. दुसरा नियम बॅकअप तपासण्याचा: डेटाच्या प्रतीवरून पुनर्स्थापनेची चाचणी वर्षातून चार वेळा, दर वेळी दोन दिवसांपर्यंत, करता येते. तिसऱ्यात डेटा गार्डसारखी व्यवस्था येते, जिथे दुसऱ्या सर्व्हरवर ओरॅकल स्थापित असून तो सतत लॉग, म्हणजे बदलांच्या नोंदी, स्वीकारत असतो. तुमची योजना या तिसऱ्या प्रकारची आहे आणि तिला दहा दिवसांची सवलत मुळीच लागू नाही. राखीव सर्व्हरचे ३२ कोअर, म्हणजे आणखी १६ प्रोसेसर परवाने, मुख्य सर्व्हरच्याच मापाने घ्यावे लागतील. डेटा गार्ड एंटरप्राइझ एडिशनमध्ये समाविष्ट आहे, हे वाक्य खरे असले तरी त्याचा अर्थ दुसरा सर्व्हर मोफत असा होत नाही. शिवाय त्या प्रतीवर वाचनासाठी क्वेरी चालवायच्या असतील, तर अॅक्टिव्ह डेटा गार्ड हा स्वतंत्र पर्याय विकत घ्यावा लागतो.

स्वतंत्र पर्यायांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या मते सर्वाधिक निष्पाप लोक जिथे अडकतात ती जागा दाखवतो. पार्टिशनिंग (तक्त्यांचे भाग पाडणे), अॅडव्हान्स्ड कॉम्प्रेशन (डेटा आकुंचित करणे), कामगिरी तपासणारे डायग्नोस्टिक्स पॅक, ती सुधारणारे ट्यूनिंग पॅक ही सर्व मूळ परवान्याच्या बाहेरची विकतची अंगे आहेत आणि डेटाबेसचे जितके प्रोसेसर परवाने, तितकेच यांचेही घ्यावे लागतात. पण सॉफ्टवेअर त्यांना कुलूप लावत नाही. एंटरप्राइझ एडिशनमध्ये ‘कंट्रोल_मॅनेजमेंट_पॅक_अॅक्सेस’ या पॅरामीटरचे (सेटिंगचे) मूळ मूल्यच दोन्ही पॅक चालू असे असते. एखाद्या सकाळी प्रणाली मंदावते, डेटाबेस सांभाळणारा सहकारी सवयीने एडब्ल्यूआर, म्हणजे डायग्नोस्टिक्स पॅकमधला कामगिरीचा, अहवाल काढतो, दोष सापडतो, काम मार्गी लागते, आणि ‘डीबीए_फीचर_यूसेज_स्टॅटिस्टिक्स’ या व्ह्यूमध्ये (डेटाबेसच्या आतल्या नोंदतक्त्यात) त्या वैशिष्ट्याचे नाव, किती वेळा वापर आढळला, पहिली तारीख आणि शेवटची तारीख अशी नोंद राहते. ऑडिटच्या स्क्रिप्ट हीच माहिती उचलतात. म्हणून डेटाबेस तयार झाला की पहिल्याच दिवशी हे पॅरामीटर ‘नन’ (एकही नाही) करावे, कामगिरीच्या नोंदींसाठी मोफत मिळणारे स्टॅट्सपॅक बसवावे आणि तो व्ह्यू दर तिमाहीला स्वतः वाचावा. या कामाला अर्धा तास लागत नाही, तरी ते फार थोड्या ठिकाणी केलेले दिसते.

तुम्हाला एंटरप्राइझ एडिशन हवीच आहे का, हा प्रश्न दरपत्रक देणारा सहसा विचारत नाही. त्यात त्याचा दुष्टावा असतो असे नाही. मागितले ते देणे हे त्याचे काम आहे. आठ कोअरच्या भारासाठी स्टँडर्ड एडिशन २ पुरेशी ठरण्याची शक्यता बरीच आहे. २०१५ पासून उपलब्ध असलेल्या या आवृत्तीत कोअरऐवजी भरलेले सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवलेल्या जागा, मोजतात आणि जास्तीत जास्त दोन सॉकेटची क्षमता असलेल्या सर्व्हरवरच ती चालवता येते. तुमच्यासारख्या एका सर्व्हरला दोन परवाने लागतील. जाहीर दरांनी पाहिले, तर हे दोन्ही मिळूनही एंटरप्राइझच्या एका प्रोसेसर परवान्यापेक्षा कमी किमतीत येतात. मर्यादा मात्र खऱ्या आहेत. एक डेटाबेस एका वेळी १६ पेक्षा अधिक सीपीयू थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) वापरत नाही. पार्टिशनिंग, डेटा गार्ड आणि वर सांगितलेले पॅक यांपैकी काहीही पैसे मोजूनही घेता येत नाही. आणि आरएसी क्लस्टरची, म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर चालवण्याची, सोय १९सी आवृत्तीपासून काढून टाकलेली आहे. तिच्या जागी १९सीच्या पुढील अद्यतनांत फेलओव्हरची एक साधी सोय आली आहे. दुसऱ्या ठिकाणची प्रत अद्ययावत ठेवण्यासाठी अर्काइव्ह लॉग पाठवणाऱ्या स्वतःच्या स्क्रिप्ट किंवा त्रयस्थ कंपनीचे साधन वापरावे लागते, आणि तिथल्या सर्व्हरचे दोन परवाने अर्थातच वेगळे. म्हणून प्रणालीच्या निर्मात्याला एकच गोष्ट विचारावी: तुमच्या सॉफ्टवेअरला एंटरप्राइझचे कोणते वैशिष्ट्य अनिवार्य आहे? ‘आम्ही एंटरप्राइझची शिफारस करतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. त्याने वैशिष्ट्याचे नाव द्यायला हवे.

एसक्यूएल सर्व्हरची मोजणी तुमच्या रचनेला अधिक मानवते. २०१२ च्या आवृत्तीपासून तिथे कोअर हे मुख्य माप आहे आणि स्टँडर्ड एडिशनसाठी सर्व्हर अधिक कॅल हा मार्गही खुला आहे. पोर्टलमुळे तो तुम्हाला उपयोगाचा नाही. व्हर्च्युअल मशीनला दिलेले कोअर मोजून परवाना घेण्याची मुभा करारातच आहे. प्रत्येक मशीनमागे किमान चार कोअर धरावे लागतात, परवाने दोन-दोन कोअरच्या संचांत मिळतात, आणि आठ कोअरसाठी चार संच पुरतात. दोन अटी लक्षात ठेवाव्यात. २०२२ च्या आवृत्तीपासून असा मशीननिहाय परवाना घ्यायचा, तर सॉफ्टवेअर अॅश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा देखभाल-करार) किंवा सदस्यत्व आवश्यक आहे. आणि मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर मोकळेपणाने हलवायचे, तर तेच अॅश्युरन्स लागते, एरवी परवाना एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेमायला ९० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. याच अॅश्युरन्समध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक उच्च-उपलब्धतेची प्रत आणि एक आपत्कालीन प्रत वेगळ्या परवान्याशिवाय ठेवता येते, जोवर त्या प्रतींवर अहवाल किंवा इतर प्रत्यक्ष काम चालवले जात नाही. चाचणीसाठी डेव्हलपर एडिशन मोफत आहे. ओरॅकलकडे याची बरोबरी करणारी सोय नाही. तिथला विकसकांसाठीचा मोफत परवाना प्रणाली घडवण्या-तपासण्यापुरता मर्यादित आहे, आणि प्रत्यक्ष कामकाजाच्या डेटाची प्रत घेऊन कायम चालणारे चाचणी-वातावरण त्यात बसवणे जोखमीचे ठरते.

आयबीएमच्या डीबी२ बद्दल एवढेच सांगतो, की तिथे व्हर्च्युअल मशीनपुरती मोजणी मान्य असते, पण आयबीएमचे मोजणी-साधन ९० दिवसांच्या आत बसवून त्याचे अहवाल नियमित जपण्याच्या अटीवर. ती अट पाळली नाही, तर पूर्ण सर्व्हरची मोजणी लागू होते.

क्लाउडमध्ये जाण्याचा विचार असल्यास आकडे पुन्हा बदलतात. अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर स्वतःचा एंटरप्राइझ परवाना नेला, तर ओरॅकल दोन व्हर्च्युअल सीपीयूंना एक प्रोसेसर परवाना मोजते आणि ०.५ चा गुणक लावू देत नाही. हायपरथ्रेडिंगमुळे, म्हणजे एक कोअर दोन असल्यासारखा वापरण्याच्या तंत्रामुळे, दोन व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे एक कोअर. जो कोअर तुमच्या सर्व्हर-खोलीत अर्ध्या परवान्यात चालतो, त्याला तिथे पूर्ण परवाना लागतो. ओरॅकलच्या स्वतःच्या क्लाउडवर मात्र तोच एक परवाना इंटेलचे दोन कोअर चालवतो. हा फरक कोणत्या हेतूने ठेवला असेल, ते वाचकाने ताडावे. स्टँडर्ड एडिशन २ साठी इतर क्लाउडवर चार व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे एक सॉकेट धरतात आणि आठच्या पुढे जाता येत नाही. भाड्यातच परवाना समाविष्ट असलेली सेवा अॅमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस-सेवेवर स्टँडर्ड एडिशन २ साठी मिळते. वापर अनिश्चित असेल किंवा प्रणाली दोन-तीन वर्षांपुरतीच असेल, तर तिचा हिशेब जरूर करावा.

मुक्त-स्रोत डेटाबेसचा पर्याय तुम्ही विचारलेला नाही, आणि प्रणाली त्यावर चालत नसेल, तर त्यावर वेळ घालवू नये. पुढच्या खरेदीसाठी इतके ध्यानात ठेवावे, की ‘मुक्त’ म्हणवणारे परवानेही सारखे नसतात. पोस्टग्रेसक्यूएलचा परवाना अत्यंत उदार आहे. मायएसक्यूएल जीपीएल या मुक्त परवान्याखाली संस्थेच्या आत बिनदिक्कत वापरता येतो, पण बंदिस्त उत्पादनात घालून वितरित करायचा, तर व्यावसायिक परवान्याचा विचार करावा लागतो. शिवाय काही उत्पादने वाटेत परवाना बदलतात: मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये तसे केले.

किमतीबाबत एक गोष्ट दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते, ती वर आणून वाचावी. ओरॅकलच्या कायमस्वरूपी परवान्यावर वार्षिक सपोर्ट २२ टक्के लागतो, म्हणजे पाच वर्षे पूर्ण होण्याआधीच परवान्याची किंमत दुसऱ्यांदा भरली जाते, आणि वार्षिक वाढ त्यावर वेगळी. खरेदीत भरघोस सवलत मिळते म्हणून गरजेपेक्षा जास्त परवाने घेण्याचा मोह इथे महागात पडतो. नको असलेले परवाने पुढे सोडून दिले, तरी उरलेल्यांचा सपोर्ट नव्या दराने आकारण्याची तरतूद धोरणात असल्यामुळे एकूण बिल फारसे उतरत नाही. सपोर्ट मध्येच थांबवून पुन्हा घ्यायचा, तर खंडित काळासाठी शेवटच्या दराच्या दीडपट आकारणी होते. त्यामुळे आज कमी घेऊन नंतर वाढवणे सोपे जाते आणि जास्त घेऊन कमी करणे जवळजवळ अशक्य ठरते. मात्र नंतरच्या खरेदीतही आजचाच सवलतीचा दर दोन-तीन वर्षे मिळेल, असे आत्ताच लेखी मागून घ्यावे.

तुमच्या जागी मी असतो, तर दोन नवी दरपत्रके मागवली असती. पहिले, क्लस्टरपासून वेगळ्या काढलेल्या दोन सॉकेटच्या एका सर्व्हरवर आणि तशाच राखीव सर्व्हरवर ओरॅकल स्टँडर्ड एडिशन २, एकूण चार प्रोसेसर परवाने. दुसरे, आहे त्याच क्लस्टरवर आठ कोअरच्या मशीनसाठी एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड, सॉफ्टवेअर अॅश्युरन्ससह. दोन्हींची पाच वर्षांची बेरीज सपोर्टसकट मांडायला सांगावी, आणि दोन्हींसोबत पुरवठादाराकडून पत्र घ्यावे, ज्यात सर्व्हरचे मॉडेल, सॉकेट, कोअर, व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर, राखीव सर्व्हरवर सॉफ्टवेअर स्थापित असणार ही बाब आणि पोर्टलवरील बाहेरच्या वापरकर्त्यांचा उल्लेख स्पष्ट असेल. ही रचना कळवल्यानंतर किती परवाने लागतात याचे उत्तर शक्यतो उत्पादक कंपनीच्या ईमेलवरून यावे, आणि त्यातील संख्या खरेदी-आदेशाच्या परिशिष्टात जशीच्या तशी उतरवल्याशिवाय सही करू नये.